फळा नसलेल्या घरातला शरद

नवरात्राच्या तिसऱ्या माळेची सकाळ. पुण्यातल्या पाषाण तलावाच्या काठावर चौघांची शाळा भरली होती. अकरा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा तिचा भाऊ, आई आणि आजी. पावसाळा सरल्यानंतरची ही पहिलीच सहल. दिसतील त्या पक्ष्यांची नावं वहीत लिहायची, मोजदाद करायची आणि घरी जाऊन आलेख काढायचा, एवढा त्या दिवसाचा अभ्यास.

"ताई, तो बघ खंड्या! तारेवर!" धाकटा ओरडला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या आजीलाही तो निळा-तपकिरी पक्षी लांबून दिसला. ताईने मान वर केली, डोळे बारीक केले आणि "हो, दिसला" म्हणत वहीत नोंद केली. थोड्या वेळाने आईने सहज विचारलं, "चोच कोणत्या रंगाची होती गं?"

ताई गप्प. मग हळूच म्हणाली, "आई, मला ती तारसुद्धा नीट दिसत नाहीये."

खंड्याची चोच लालभडक असते, हे तिला पुस्तकातून माहीत होतं. पण न पाहिलेलं पाहिलं म्हणायचं तिच्या जिवावर आलं. त्या एका उत्तराने या घराच्या शरदातल्या अभ्यासाचं सगळं वेळापत्रक बदललं.

फळा नकळत करतो ती तपासणी

ही दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत. कोथरूडमधल्या घरीच शिकतात. आई दर महिन्याला विषयांची आखणी करते, बाबा संध्याकाळी गणित घेतात, भाषा आणि गोष्टी आजीकडे. अशी घरं संख्येने थोडी असली तरी पुण्या-मुंबईला आता नवी राहिलेली नाहीत. वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीची परीक्षा देता येते. त्यामुळे पुढच्या वाटेची काळजी या आईबाबांना फारशी नव्हती. मुलं भरपूर वाचतात, प्रश्न विचारतात, स्वतःहून शोधतात, याचं समाधान होतं.

मात्र शाळेतली एक साधी गोष्ट घरात नसते. फळा. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला फळ्यावरचं दिसेनासं झालं की तो शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतो, चुकीची गणितं लिहितो, पुढे बसायला मागतो. शिक्षकांच्या ते लक्षात येतं आणि पालकांना निरोप जातो. निकटदृष्टिता, म्हणजे मायोपिया, कितीतरी मुलांमध्ये अशीच पहिल्यांदा उघडकीला येते. घरी शिकणाऱ्या मुलीचं सगळं जग हाताच्या अंतरावर असतं. पुस्तक, वही, चित्रकलेचा कागद, टॅब. या अंतरावर निकटदृष्टितेच्या मुलाला उत्तम दिसतं. त्यामुळे तक्रार येत नाही. शिवाय मुलाला तुलना करायला दुसरे डोळे नसतात. आपल्याला दिसतं तसंच सगळ्यांना दिसत असेल, असंच ते धरून चालतं.

दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञांनी बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासणी केली. लहान मुलांच्या बाबतीत ही पायरी महत्त्वाची. मुलांच्या डोळ्यांतलं भिंग फार लवचीक असतं आणि तपासणीच्या वेळी ते आपोआप ताणलं-सैलावलं जातं. त्यामुळे थेंबांशिवाय काढलेला नंबर चुकण्याची शक्यता असते. दोन्ही डोळ्यांचा नंबर निघाला वजा दीड.

"शाळेत असती तर आधी कळलं असतं का?" आईने विचारलं. "कदाचित," डॉक्टर म्हणाले, "पण शाळेत जाणाऱ्या मुलांनाही चष्मे लागतातच की. दोष कुणाचा हे शोधत बसू नका. दिवसाचे किती तास ती घराबाहेर असते, ते सांगा."

आईने मनात हिशेब केला. जूनपासून पाऊस. वाचनाची आवड. जवळपास मैदान नाही. उत्तर द्यायला तिला अवघड गेलं.

वजा दीड म्हणजे काय?

घरी आल्यावर याच प्रश्नाचा धडा झाला. डोळ्यात शिरणारे प्रकाशकिरण आतल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, नेमके एकत्र यावे लागतात. जन्माच्या वेळी डोळ्याचा गोल पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर असतो, मोठेपणी तो २४ मिलिमीटरच्या आसपास पोहोचतो. ही वाढ प्रमाणात झाली तर चष्मा लागत नाही. डोळा गरजेपेक्षा जास्त लांब झाला, तर दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते आणि पडद्यावर धुरकट चित्र उमटतं. एका मिलिमीटरच्या जादा लांबीने अडीच ते तीन नंबर येऊ शकतो. अंतर्गोल भिंग किरणांना थोडं फाकवून ही प्रतिमा मागे पडद्यावर नेऊन ठेवतं.

नंबराचं गणितही सोपं आहे. १०० सेंटिमीटरला नंबराने भागायचं. १०० भागिले दीड, म्हणजे सुमारे ६७ सेंटिमीटर. याच्या पलीकडचं सगळं थोडं थोडं धूसर होत जाणार. ताईने एक डोळा झाकला, भावाने पुस्तक हातात धरून एकेक पाऊल मागे जायला सुरुवात केली आणि बारीक अक्षरं फुटायला लागली तिथे टेप लावली. माप आलं ६५ सेंटिमीटर. डॉक्टरांच्या यंत्राने जे सांगितलं, तेच शिवणकामाच्या टेपनेही जवळजवळ सांगितलं, याचं दोघांना भारी नवल वाटलं.

डोळे बारीक केल्यावर थोडं बरं का दिसतं, हाही प्रश्न त्यातूनच निघाला. जुन्या पोस्टकार्डाला टाचणीने एक भोक पाडून ताईने त्यातून खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीवरचं नाव वाचता आलं! बारीक छिद्रातून मोजकेच किरण आत येतात, ते फारसे फाकत नाहीत, म्हणून धूसरपणा कमी होतो. पापण्या मिचकावणारं मूल हेच करत असतं. मूल टीव्हीजवळ जाऊन बसत असेल, लांबचं पाहताना डोळे बारीक करत असेल किंवा मान तिरकी करत असेल, तर ती खोड समजून दटावू नये. डोळे तपासून घ्यावेत.

आजीला मात्र चष्म्याची धास्ती होती. "इतक्यात नको गं. एकदा लावला की नंबर वाढतच जातो. गाजराचा रस देऊन बघू." ही समजूत घरोघरी आढळते. गाजरातून मिळणारं 'अ' जीवनसत्त्व दृष्टिपटलाच्या कामासाठी गरजेचं असतं, ते फार कमी पडलं तर रातांधळेपणा येतो. पण लांब झालेला डोळा गाजराने आखूड होत नाही. चष्म्यामुळे नंबर वाढत नाही. वाढत्या वयात डोळा लांब होत राहतो म्हणून नंबर वाढतो. मुद्दाम कमी नंबराचा चष्मा दिल्यानेही ही वाढ थांबत नाही, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. पूर्ण नंबराचा चष्मा वापरणं आणि ठरलेल्या वेळी पुन्हा तपासणी करणं, एवढंच योग्य. नंबर भराभर वाढत असेल तर त्याचा वेग कमी करणारे खास थेंब आणि खास भिंगंही आता आहेत. ती द्यायची की नाही, हे डॉक्टरच ठरवतात.

उजेडाचं औषध

डॉक्टरांनी तासांची चौकशी उगाच केली नव्हती. घराबाहेरचा दिवसाचा उजेड आणि निकटदृष्टिता यांचा संबंध गेल्या वीसेक वर्षांत चांगलाच स्पष्ट झाला आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ शाळांमध्ये एक मोठा प्रयोग झाला. पहिलीतल्या मुलांच्या निम्म्या शाळांमध्ये रोज ४० मिनिटांचा एक जादा तास मैदानावर घेतला गेला. तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा नेहमीच्या शाळांमधल्या ३९.५ टक्के मुलांना नव्याने निकटदृष्टिता आली होती, मैदानावरच्या तासाच्या शाळांमध्ये हे प्रमाण ३०.४ टक्के होतं. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तैवानने तर २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढण्याचा कार्यक्रमच हाती घेतला. तिथे वर्षानुवर्षं वर चढणारं कमकुवत दृष्टीच्या मुलांचं प्रमाण त्यानंतर खाली येऊ लागलं.

आपल्याकडे २०१५ मध्येच प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतल्या शाळकरी मुलांच्या अभ्यासात सुमारे १३ टक्के मुलांमध्ये निकटदृष्टिता आढळली. रोज दोन तासांहून अधिक वेळ बाहेर खेळणाऱ्यांमध्ये ती कमी होती. २०५० पर्यंत जगातली जवळपास निम्मी माणसं निकटदृष्टितेची असतील, असा अंदाज २०१६ मध्ये संशोधकांनी मांडला आहे. प्रश्न चष्म्याचा खर्च किंवा दिसण्याचा नाही. नंबर फार वाढला तर पुढच्या वयात दृष्टिपटल सुटणं, काचबिंदू यांसारख्या आजारांचा धोका वाढतो. म्हणून लहानपणीची वर्षं मोलाची.

बाहेरच्या उजेडात असं काय आहे? उत्तर शोधायला मुलांनी मोबाइलवरचं उजेड मोजायचं ॲप घेतलं. मोबाइलचं माप काटेकोर नसतं, पण फरक दाखवायला पुरेसं असतं. दिवा लावलेल्या हॉलमध्ये दोन-तीनशे लक्स. बाहेर झाडाच्या सावलीत दहा हजारांच्या आसपास. भर दुपारी मोकळ्या उन्हात आकडा लाखाच्या घरात जातो. आपली बाहुली लहान-मोठी होते, दृष्टिपटलही उजेडाशी जुळवून घेतं, त्यामुळे हा प्रचंड फरक आपल्याला जाणवत नाही. डोळ्याच्या वाढीला मात्र तो जाणवतो. भरपूर उजेडात दृष्टिपटलातून डोपामिन नावाचं रसायन जास्त स्रवतं आणि ते डोळ्याच्या लांबीला आवर घालतं, असं मानलं जातं. कोंबडीच्या पिल्लांवरच्या प्रयोगांनी या कल्पनेला आधार दिला आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. बाहेरच्या उजेडाचा सर्वांत जास्त उपयोग निकटदृष्टिता सुरू होण्याआधी होतो. ती सुरू झाल्यावर नंबराची वाढ रोखण्यात त्याचा वाटा कमी दिसतो. म्हणजे ताईला चष्मा लागणारच होता, पण सात वर्षांच्या धाकट्यासाठी वेळ अजून हातात होती. आईने नवं वेळापत्रक आखलं ते दोघांसाठी, पण तिच्या मनात जास्त विचार धाकट्याचा होता.

अंगणातले तास

शरद या कामाला सोयीचा. पाऊस उघडलेला, गवत अजून हिरवं, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. पण ऑक्टोबरचं ऊन मोठं फसवं असतं. म्हणून सकाळी सात ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेचारनंतर, अशा दोन सत्रांत दिवसाची वाटणी झाली. सावलीतला उजेडही डोळ्यांना पुरेसा असल्याने उन्हात तापण्याची गरज नव्हतीच. टोपी आणि पाण्याची बाटली बरोबर. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि पावसाळा संपतानाच्या दिवसांत त्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे. सूर्याकडे थेट पाहायचं नाही, हा पहिला नियम.

मग विषय एकेक करून बाहेर आले. देवघरातल्या घटात पेरलेलं धान्य पिवळसर आणि उंच वाढलं होतं. धाकट्याने तसंच धान्य बाल्कनीतल्या कुंडीत पेरलं होतं, तिथले कोंब बुटके आणि हिरवेगार. कमी उजेडात रोप उजेडाच्या शोधात उंच धावतं आणि त्यात हरितद्रव्य तयार होत नाही. "म्हणजे उजेड कमी पडला की रोपही लांब होतं आणि डोळाही?" धाकट्याने विचारलं. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, हे आईने समजावून सांगितलं, पण प्रश्नावर तीही खूश झाली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी टेकडीवर आपटा आणि कांचन यांची पानं शेजारी ठेवून पाहिली. दोन्हींची पानं जोडपानासारखी, एकाच कुळातली झाडं, म्हणून बाजारात अनेकदा आपटा म्हणून कांचनाची पानं विकली जातात. पानं मोजून ओळखायची होती, ओरबाडायची नव्हती. संध्याकाळी सोसायटीच्या आवारात भोंडला झाला. फेर धरताना ताईला तिच्याएवढ्या चार मैत्रिणी मिळाल्या. घरी शिकणाऱ्या मुलांना सोबत आपोआप मिळत नाही, ती जुळवून आणावी लागते. मैदान, भोंडला, किल्ला ही त्याची चांगली ठिकाणं, आणि ती सगळी उघड्यावरची.

दसऱ्यालाच चष्मा आला. तो लावून ताई बाल्कनीत उभी राहिली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "आजी, झाडाला वरपर्यंत वेगवेगळी पानं असतात गं." इतके दिवस तिला लांबचं झाड हिरव्या ढगासारखं दिसत होतं. आजीने त्यानंतर गाजराच्या रसाचा विषय काढला नाही. कोजागरीला गच्चीवर आटीव दूध पिताना ताईने चंद्रावरचे काळे डाग पहिल्यांदा नीट पाहिले आणि वहीत त्यांचा नकाशा काढला.

दिवाळीच्या आधीचे चार दिवस किल्ल्यात गेले. माती मळणं, दगड रचणं, सिंहगडाच्या नकाशावरून प्रमाण काढणं, हळीव पेरून हिरवळ उगवणं. हे दोन-दोन तास मुलांना कुणी सांगून बाहेर काढावं लागलं नाही. फटाक्यांबाबत मात्र घरात नियम होते. मोठं माणूस बरोबर, पायात चपला, न उडालेल्या फटाक्यावर वाकून पाहायचं नाही. डोळ्याला इजा झालीच तर चोळायचं नाही, मनाने कुठलेही थेंब घालायचे नाहीत, लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जायचं.

शाळा गुपचूप करते ती कामं

या घराने दिवाळीनंतर आणखी एक यादी केली. शाळा शिकवण्याखेरीज काय काय करते, याची. ती यादी अपेक्षेपेक्षा लांब निघाली. शाळकरी मुलांची आरोग्य तपासणी, वजन-उंचीची नोंद, दात आणि कान पाहणं, जंतनाशक गोळी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथकं सरकारी शाळांत आणि अंगणवाड्यांत जातात. घरी बसलेल्या मुलापर्यंत यातलं काही आपोआप पोहोचत नाही. लसींचं तसंच. धनुर्वात आणि घटसर्पाची टीडी ही लस १० आणि १६ व्या वर्षी घ्यायची असते. ताईचं दहावं वर्ष उलटून गेलं होतं आणि ती लस राहूनच गेली होती. ती पाडव्यानंतरच्या आठवड्यात दिली गेली.

घरी शिकणारी मुलं असोत की शाळेत जाणारी, पालकांना काही गोष्टी सहज करता येतात. मुलाला लांबची दुकानाची पाटी किंवा बसचा नंबर वाचायला सांगावा, एकेक डोळा झाकून. भिंतीवर सहा मीटर अंतरावरून वाचायचा तक्ता लावला तर उत्तमच, पण तो तपासणीला पर्याय नाही. शाळेत जायच्या वयात एकदा आणि पुढे दरवर्षी डोळे तपासून घ्यावेत. आईवडिलांना चष्मा असेल तर अधिक लक्ष द्यावं. पुस्तक डोळ्यांपासून किमान हातभर लांब असावं, सलग वाचनाच्या अर्ध्या तासानंतर खिडकीबाहेर लांब पाहावं. आणि रोज दोन तास दिवसाच्या उजेडात घालवावेत. सलग जमले नाहीत तर तुकड्यातुकड्यांनी. अभ्यास, जेवण, गप्पा, काहीही बाहेर नेता येतं. मैदानच हवं असं नाही, गच्ची आणि झाडाची सावलीही चालते.

घरी शिकणाऱ्या कुटुंबांना यात एक सवलत आहे. शाळेतल्या मुलाचे दिवसातले सर्वांत उजेडाचे तास वर्गात जातात, घरी शिकणाऱ्याचे तास त्याच्या हातात असतात. पण ते आपोआप अंगणात जात नाहीत. वाचनवेडं मूल असेल तर ते दिवसभर घरातच राहतं आणि ते शहाण्यासारखं बसलं आहे, असं सगळ्यांना वाटत राहतं. या घरातही वर्षभर तेच वाटत होतं.

भाऊबीजेला मुलं भोरजवळच्या मामाच्या गावी गेली. द्वितीयेची बारीक कोर लवकर मावळली आणि आभाळ काळंभोर झालं. रात्री नऊच्या सुमाराला मामाने पूर्वेकडे बोट दाखवलं. कृत्तिकांचा पुंजका वर आला होता. ताईने चष्मा काढला, तिथे काहीच नव्हतं. चष्मा लावला आणि मोजायला लागली. सहा. धाकट्यानेही मोजले, त्याचेही सहाच आले.

मग तो वळून म्हणाला, "आई, माझे डोळे कधी तपासायचे?"

आईने मोबाइलमधली तारीख दाखवली. त्याची वेळ तिने आधीच घेऊन ठेवली होती.